संगणकाची दुसरी कणगी


आपल्या शाळेचा संगणक तुम्ही पाहिला असेल. टीव्हीसारखा दिसतो तो नुसता पडदा. त्याच्यामागे चपटा डबा आहे, तोच खरा संगणक. त्यात २५६ जीबी जागा होती. जीबी हे माहिती मोजायचे माप आहे. सहलीचे, स्नेहसंमेलनाचे फोटो साठत गेले आणि जागा भरली. सर म्हणाले, "आता जुनं काहीतरी पुसावं लागेल."

मला एकदम धस्स झालं. त्यात माझ्या आजीच्या ओव्या होत्या. मागच्या वर्षी सरांनी तिला जात्यावर बसवून चित्रफीत घेतली होती. आता आजी नाही.

दादा तालुक्याला संगणक दुरुस्ती शिकतो. तो म्हणाला, "पुसता कशाला? एक कणगी भरली की आपण दुसरी ठेवतो ना!" मग वर्गणी काढून एसएसडी आणायचे ठरले.

एसएसडी म्हणजे माहिती साठवायची वस्तू. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी असते. ती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते. एसएसडीत काहीच फिरत नाही. माहिती चिपमध्ये राहते आणि वीज गेली तरी जात नाही.

विकत घेण्याआधी दादाने डबा उघडून पाहिला. लहान डब्यात जागा मोजकीच असते. पहिली एसएसडी पट्टीसारखी होती, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. शेजारी एक बारकी खाच दिसली. मी म्हटलं, "इथंच बसवू की!" दादा हसला. ती वायफायच्या कार्डाची होती. पण २.५ इंची एसएसडीची चौकट रिकामी होती, वायरही होती. म्हणून तसली, ७ मिलिमीटर जाडीची आणली.

आता ती कशी बसवली ते सांगतो.

१) आधी ओव्या आणि महत्त्वाचे फोटो पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले.
२) संगणक बंद करून सगळ्या वायरी काढल्या. मग बटण थोडा वेळ दाबून धरले. त्याने आत उरलेली वीज निघून जाते.
३) दादाने डब्याच्या धातूला हात लावला. थंडीत स्वेटर काढताना चटचट होते ना, ती अंगावरची वीज चिप बिघडवू शकते.
४) झाकण काढले. स्क्रू मी वाटीत ठेवले. एकही हरवला नाही.
५) एसएसडी चौकटीत बसवून वायर जोडली. तिचे तोंड इंग्रजी एल अक्षरासारखे असते, म्हणून ते एकाच बाजूने बसते. बसत नसेल तर जोर लावायचा नाही, उलटे करून बघायचे.

संगणक सुरू केला, तर नवी एसएसडी दिसेचना! मी घाबरलो. दादा म्हणाला, "नवी कणगी सारवल्याशिवाय आपण धान्य भरतो का?" नवी डिस्कही आधी तयार करावी लागते. त्याला फॉरमॅट म्हणतात. इथे फार जपायचं. चुकून जुन्या डिस्कचा भाग फॉरमॅट केला तर त्यातलं सगळं जातं. दादाने आकडे दोनदा वाचले, मग सरांनीही वाचले आणि नंतरच बटण दाबले.

एसएसडी ५०० जीबीची, पण पडद्यावर ४६५ च दिसले. मला वाटलं, दुकानदाराने फसवलं! पण तसं नव्हतं. कारखानेवाले हजाराच्या पटीत मोजतात, संगणक १०२४ च्या पटीत. धान्य तेवढंच, माप वेगळं. एक फोटो ४ एमबीचा धरला तर सव्वा लाख फोटो मावतील.

शेवटी सरांनी ओव्या लावल्या. आधी जात्याची घरघर आली, मग आजीचा आवाज. वर्ग अगदी गप्प झाला.

पेन ड्राइव्हवरच्या ओव्या आम्ही पुसल्या नाहीत. एसएसडीसुद्धा एखाद्या दिवशी अचानक बंद पडू शकते. बियाणं कुणी एकाच मडक्यात ठेवत नाही.

पालकहो, तुमचा मोबाइल भरला तर पुसायची घाई करू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज आधी दुसरीकडे उतरवून घ्या.

— इयत्ता ४ थी