त्रेसष्ट दिवसांचा हिशेब

भादवा लागला की गल्लीतल्या कुत्र्यांना काय होतं, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. भटक्या कुत्र्यांचा माज बराचसा पावसाळ्याच्या उत्तरार्धात येतो आणि दोन महिन्यांनी जिन्याखाली आणि उभ्या गाड्यांच्या आडोशाला पिल्लांची कुईकुई सुरू होते. घरातली कुत्री महिन्या-ऋतूला एवढी बांधलेली नसते. साधारण दर सहा-सात महिन्यांनी ती माजावर येते. लांडगीण आणि आफ्रिकेतली बसेंजी जातीची कुत्री मात्र वर्षातून एकदाच.

मला कुत्र्यांच्या पैदाशीच्या विषयात वर्षानुवर्षं खिळवून ठेवलंय ते याच दिवसांच्या हिशेबानं. घरगुती पैदाशीत जे बिघडतं, ते बहुतेक वेळा वेळ चुकल्यामुळे बिघडतं, असं माझं ठाम मत आहे. कुत्री फार लहान वयात लावली जाते, चुकीच्या दिवशी लावली जाते, नाहीतर पिल्लं फार लवकर दिली जातात.

चुकीच्या दिवसाचंच आधी सांगते, कारण तिथे खरी गंमत आहे. ‘रक्त दिसल्यापासून बाराव्या दिवशी लावा’ हा सल्ला तुम्हाला कुणीही देईल. पण रक्तस्रावाचा हा पहिला टप्पा सरासरी नऊ दिवसांचा असला, तरी एखादीत तो तीन दिवसांत आटपतो आणि एखादीत सतरा दिवस चालतो. बारावा दिवस पहिलीला उशिराचा आणि दुसरीला फार लवकरचा. त्यातून मालकाच्या लक्षात रक्त येतं ते फरशीवर डाग पडल्यावर. काही कुत्र्या स्वतःला चाटून इतक्या स्वच्छ ठेवतात की पहिले दोन-तीन दिवस कळतच नाहीत.

त्याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांत बीजांड सुटतं तेव्हा ते फलनासाठी तयार असतं. कुत्रीचं बीजांड कच्चंच सुटतं आणि पक्व व्हायला त्याला आणखी दोन-तीन दिवस लागतात. नराचे शुक्राणू मात्र तिच्या शरीरात पाच-सहा दिवस तग धरू शकतात, म्हणजे आधी येऊन वाट बघत थांबतात. याचा एक परिणाम असा की एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. ठरलेल्या नराकडून लावून आणल्यावर ‘झालं काम’ म्हणून फाटक उघडं टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. माज पूर्ण उतरेपर्यंत कुत्री बंदोबस्तातच हवी.

नेमका दिवस काढायला दोन साधनं आहेत. एक म्हणजे योनीमार्गातल्या पेशींची काचपट्टी. सूक्ष्मदर्शकाखाली ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी कितीतरी वेळ डोळा काढला नव्हता. सुरुवातीला पेशी गोल, मध्यभागी ठसठशीत केंद्रक. दिवस सरतील तशा त्या पसरट आणि कोनेदार होतात, केंद्रक विरून जातं आणि शेवटी सगळी पट्टी पातळ पोहे पसरल्यासारखी दिसते. कुत्री नराला घेण्याच्या स्थितीत आल्याची ही खूण. पण बीजांड सुटलं का, हे पट्टी सांगत नाही. त्यासाठी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मोजतात. बाईमध्ये हे संप्रेरक बीजांड सुटल्यावर वाढतं, कुत्रीत ते आधीपासूनच चढू लागतं, म्हणून त्यावरून दिवस सांगता येतो. मिलिलिटरला एक नॅनोग्रॅमच्या खाली असलेला आकडा दोनच्या आसपास आला की उलटगणती सुरू झाली, पाचच्या आसपास आला की बीजांड सुटलं. तिथून दोन दिवसांनी लावावं. एकाच चाचणीवर भागत नाही. दिवसाआड रक्त काढून आकडा चढताना बघावा लागतो.

जत तालुक्यात एका मेंढपाळाच्या वाड्यावर गेले होते, त्यांच्या कारवानी कुत्र्या बघायला. कारवानी म्हणजे आपल्या दख्खनचा शिकारी कुत्रा. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेलं पोट. मी बाराव्या दिवसाचा विषय काढला तसे ते मेंढपाळ मामा म्हणाले, “रगताकडं बघून काय उपेग न्हाई ताई. पाठीवर हात ठिवा, शेपटाच्या बुडापाशी.” त्यांनी समोरच्या पिवळसर कुत्रीच्या कमरेवर तळहात दाबला. ती पाय रोवून उभी राहिली आणि शेपूट उचलून एका बाजूला घेतलं. “आता घेतीया ती. चार दिसांमागं हीच चावाय उठली हुती.” शास्त्राच्या पुस्तकात हेच लक्षण दिलेलं आहे. मामांच्या वाड्यावर नर-मादी सतत एकत्र असल्यानं नेमका दिवस तीच ठरवते. फ्लॅटमधल्या कुत्रीला दोन तासांच्या भेटीसाठी गाडीत घालून नेतात, आकड्यांची गरज तिथे पडते.

हे सगळं मोजता येईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, त्या अठराव्या शतकात इटलीतले धर्मगुरू लाझारो स्पालान्झानी यांनी एक कुत्री कोंडून ठेवली, ती माजावर आल्यावर नराचं वीर्य पिचकारीनं तिच्या गर्भाशयात सोडलं आणि बासष्ट दिवसांनी तीन पिल्लं मिळवली. कृत्रिम रेतनाच्या इतिहासात सस्तन प्राण्यातला हा पहिला नोंदलेला यशस्वी प्रयोग धरतात.

उरलेल्या दोन चुकांविषयी, म्हणजे लहान वय आणि पिल्लं लवकर देणं याविषयी, कायद्याचं सांगायचं तर केंद्र सरकारनं २०१७ मध्ये श्वान पैदास आणि विक्रीचे नियम केले. पैदास करून पिल्लं विकणाऱ्यानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, अठरा महिन्यांच्या आतली कुत्री लावायची नाही आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही.

अठरा महिने ही कायद्याची किमान मर्यादा झाली. मोठ्या हाडाच्या कुत्रीला मी दोन वर्षं पूर्ण होऊ द्या म्हणते, कारण लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्डच्या खुब्याच्या सांध्यातला दोष एक्स-रेवर खात्रीनं त्या वयात कळतो. नर-मादी दोघांचीही ब्रुसेला जंतूची रक्ततपासणी व्हावी. हा जंतू मादीचा गर्भ पाडतो आणि माणसालाही लागू शकतो. आणि ‘एकदा तरी वेत होऊ द्यावं, नाहीतर पुढे गर्भाशय बिघडतं’ ही समजूत सोडून द्या. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टाळायचा खात्रीचा उपाय नसबंदी हाच आहे.

बीजांड सुटल्याचा दिवस हाताशी असला की विण्याची तारीख जवळपास पक्की होते: तिथून ६३ दिवस, एखादा दिवस इकडे-तिकडे. नुसत्या लावल्याच्या तारखेवरून मोजलं तर सत्तावन्नपासून बहात्तरपर्यंत काहीही येऊ शकतं, आणि या पंधरा दिवसांच्या घोळात दिवस भरण्याआधी सिझेरियन होतं किंवा दिवस उलटून पिल्लं पोटात दगावतात. पंचविसाव्या दिवसानंतर सोनोग्राफीत ठोके दिसतात, पंचावन्नाव्यानंतर एक्स-रेमध्ये मणके मोजून पिल्लं किती ते कळतं. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोन-तीनदा ताप मोजा. शंभर-एकशे एक अंश फॅरनहाइट असणारा पारा नव्व्याण्णवच्या खाली उतरला की बहुधा चोवीस तासांत ती विते. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू येत नसेल, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव दिसला, तर रात्रीचे तीन वाजले असले तरी डॉक्टरांना उठवा. आणि गाभणपणात प्रेमापोटी कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका. शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून घेण्याची सवय विसरतं आणि दूध भरात असताना, विल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, कुत्रीला झटके येतात.

पुढचे आठ आठवडे हे खरं काम. पिल्लाला स्वतःचं अंग गरम राखता येत नाही, डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात, आणि रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर प्रत्येकाला ठेवून आकडा लिहावा लागतो. आठ-दहा दिवसांत वजन दुप्पट व्हायला हवं. एक दिवस जरी आकडा घसरला तरी त्या पिल्लाकडे लगेच बघायचं. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत त्याचं जगाविषयीचं मत बनतं. चावा किती जोरात घ्यायचा हे ते भावंडांशी खेळताना आणि आईच्या गुरगुरण्यातून शिकतं. पाचव्या आठवड्यात ‘आता खायला लागलंय’ म्हणून टोपलीतून दिलेलं पिल्लू पुढे माणसांना का चावतं, याचं कारण बऱ्याचदा इथे सापडतं.

म्हणून घरं शोधायची ती कुत्री लावण्याआधी. कारवानीसारखा धावणारा कुत्रा मागायला कुणी आलं तर मी पहिल्यांदा विचारते, याला रोज मोकळं धावायला जागा कुठे आहे? दिवसभर घरात कोण असतं? भाड्याचं घर बदललं तर? आणि पिल्लू देताना कागदावर लिहून घेते, की पुढे कधीही, कोणत्याही कारणानं सांभाळणं जमेनासं झालं, तर कुत्रा परत इकडेच आणून सोडायचा. सातव्या-आठव्या वर्षीही.