निकालपत्रकापलीकडची तपासणी

अध्ययन निष्पत्तींचे मूल्यमापन म्हणजे विद्यार्थ्यांच्या कामावरून केलेली अभ्यासक्रमाची तपासणी. परीक्षेत एखाद्या विद्यार्थिनीला अर्थसंकल्पाच्या विषयात किती गुण द्यायचे, हे ठरते. निष्पत्तींच्या मूल्यमापनात तेच पेपर, अहवाल आणि टिपणे पुन्हा वाचली जातात, पण प्रश्न विभागाला विचारला जातो: दोन वर्षे शिकून बाहेर पडणाऱ्या तुकडीला सरकारी अर्थसंकल्प वाचता येतो का? येत नसेल, तर शिकवणे कुठे कमी पडले? लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात, म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक अॅडमिनिस्ट्रेशन किंवा एमपीए या पदवीच्या संदर्भात, ही पद्धत सर्वांत व्यवस्थित घडली ती अमेरिकेत.

या शिक्षणाची परंपरा तिथे जुनी आहे. सिराक्यूज विद्यापीठाचे मॅक्सवेल स्कूल 1924 मध्ये सुरू झाले. शहरांचा आणि राज्यांचा कारभार चालवायला प्रशिक्षित माणसे हवीत, या गरजेतून असे विभाग पुढे देशभर निघाले. 1970 मध्ये त्यांची ‘नास्पा’ ही संघटना उभी राहिली. विभागांनी एकमेकांची पाहणी करण्याची पद्धत त्याच दशकात सुरू झाली आणि 1980च्या दशकात तिला रीतसर अधिस्वीकृतीचे रूप आले. आज या संघटनेचे तीनशेहून अधिक सभासद आहेत. चीनमधील छिंगह्वा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला 2013 मध्ये तिची अधिस्वीकृती मिळाली आणि ही कसोटी अमेरिकेबाहेर पोचली.

सुरुवातीचे निकष विषयांच्या यादीसारखे होते. मनुष्यबळ, अर्थसंकल्प, माहिती व्यवस्थापन, संख्यात्मक पद्धती, धोरण विश्लेषण, राजकीय व कायदेशीर संस्था हे सारे शिकवले जाते की नाही, एवढे प्रामुख्याने पाहिले जाई. 2009च्या निकषांनी हा रोख बदलला. काय शिकवले, याऐवजी विद्यार्थ्याला काय जमते, हे दाखवण्याची जबाबदारी विभागावर आली. त्यासाठी पाच क्षमता सर्वांना समान ठरवण्यात आल्या. 2019 मध्ये निकषांची फेररचना झाली, तरी हा गाभा कायम राहिला.

पहिली क्षमता लोकहित डोळ्यांपुढे ठेवून नेतृत्व आणि व्यवस्थापन करण्याची. दुसरी धोरणप्रक्रियेत भाग घेऊन तिच्यात भर घालण्याची. तिसरीत विश्लेषण, चिकित्सक विचार, प्रश्नांची सोडवणूक आणि पुराव्याच्या आधारे निर्णय घेणे येते. चौथी लोकसेवेची दृष्टी मांडण्याची आणि कामात उतरवण्याची. पाचवी विविध आणि बदलत्या कर्मचारीवर्गाशी व समाजाशी संवाद साधण्याची. या पाचांचा नेमका अर्थ प्रत्येक विभागाने आपल्या ध्येयानुसार ठरवायचा असतो. महापालिकांसाठी अधिकारी घडवणारा विभाग आणि स्वयंसेवी संस्थांसाठी व्यवस्थापक घडवणारा विभाग ‘नेतृत्व’ या एकाच शब्दातून वेगवेगळ्या अपेक्षा काढू शकतात. याखेरीज विभाग आपापल्या ध्येयाला धरून आणखी क्षमता जोडतात.

काम चार टप्प्यांत चालते. आधी क्षमतेची व्याख्या ठरते, मग पुरावा गोळा होतो, त्याचे विश्लेषण होते आणि शेवटी निष्कर्षांवरून अभ्यासक्रमात बदल होतो. व्याख्या तपासता येईल अशी हवी. ‘धोरणाची समज येईल’ हे विधान तपासता येत नाही. ‘एका प्रश्नावरचे तीन पर्याय खर्च, परिणाम आणि अंमलबजावणीची शक्यता या कसोट्यांवर तोलून शिफारस लिहिता येईल’ हे तपासता येते. सोबत एक तक्ता केला जातो. त्यात कोणती क्षमता कोणत्या विषयात पहिल्यांदा येते, कुठे पक्की होते आणि कुठे तपासली जाते, हे मांडलेले असते. अनेकदा पहिली उणीव या तक्त्यातच सापडते. एखादी क्षमता सगळ्यांनी गृहीत धरलेली असते आणि शिकवत मात्र कोणीच नसते.

पुरावा दोन प्रकारचा असतो. विद्यार्थ्याने प्रत्यक्ष केलेले काम, म्हणजे धोरण टिपण, अर्थसंकल्पाचे विश्लेषण, इंटर्नशिपमधील वरिष्ठाने पाहिलेली कामगिरी किंवा कॅपस्टोन नावाचा अखेरचा प्रकल्प, हा थेट पुरावा. विद्यार्थ्यांचे अभिप्राय, माजी विद्यार्थ्यांची पाहणी आणि नोकरी देणाऱ्यांची मते हा अप्रत्यक्ष पुरावा. ‘मला चांगले लिहिता येऊ लागले’ असे विद्यार्थ्याने सांगणे आणि त्याने चांगले लिहून दाखवणे यांत अंतर असते. म्हणून दुसऱ्या प्रकाराचा पुरावा आधारापुरता वापरतात, मुख्य भार पहिल्यावर ठेवतात.

नुसते गुण पुरत नाहीत, याचे कारण एका गुणात अनेक गोष्टी मिसळलेल्या असतात. हजेरी, वेळेवर काम देणे, वर्गातील चर्चा, मांडणी आणि आशय या सर्वांची बेरीज ‘बी प्लस’ होते. तिच्यावरून विद्यार्थ्याचे विश्लेषण कच्चे की लेखन, हे कळत नाही. त्यासाठी रुब्रिक वापरतात. हा एक तक्ता असतो: उभ्या बाजूला कसोट्या, आडव्या बाजूला पातळ्या आणि प्रत्येक चौकटीत त्या पातळीवरचे काम कसे दिसते याचे वर्णन.

समजा, एका कॅपस्टोन प्रकल्पात विद्यार्थ्यांनी शहरातील बांधकाम परवान्यांना उशीर का होतो, हे शोधले आहे. रुब्रिकमधील एक कसोटी ‘पुराव्याचा वापर’ ही आहे. पहिल्या पातळीवर अहवाल अधिकाऱ्यांच्या मतांवरच उभा असतो. दुसऱ्या पातळीवर आकडे येतात, पण त्यांचा शिफारशीशी संबंध दिसत नाही. तिसऱ्या पातळीवर अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस पडून राहतो हे मोजलेले असते आणि शिफारस त्याच टेबलाबद्दल असते. चौथ्या पातळीवर विरुद्ध जाणारा पुरावाही मांडलेला असतो आणि आकडेवारीच्या मर्यादा सांगितलेल्या असतात. विद्यार्थ्यांची नावे झाकून दोन प्राध्यापक हे अहवाल स्वतंत्रपणे वाचतात. शक्यतो त्या विषयाचा शिक्षक त्यांत नसतो. दोघांच्या पातळ्यांत मोठा फरक पडला, तर तिसरा वाचक येतो. त्याआधी सगळे मिळून दोन-तीन नमुने वाचतात आणि ‘दुसरी’ म्हणजे काय, ‘तिसरी’ म्हणजे काय, यावर एकमत करतात.

आता बहुतेक अहवाल पुराव्यात तिसऱ्या पातळीवर आणि खर्चाच्या अंदाजात पहिल्या पातळीवर आढळले, असे धरू. तक्ता पाहिल्यावर कळते की अर्थसंकल्पाचा विषय शिकवला जातो, पण धोरण विश्लेषणाच्या वर्गात कोणीही खर्च मांडायला सांगत नाही. मग त्या वर्गात खर्चाचा एक स्वाध्याय येतो आणि पुढच्या तुकड्यांचे अहवाल त्याच कसोटीवर पुन्हा तपासले जातात. याला प्राध्यापक मंडळी ‘लूप क्लोज करणे’ म्हणतात. ही शेवटची फेरी झाली नाही, तर आधीची मेहनत फायलीत पडून राहते.

अधिस्वीकृतीची मुदत साधारण सात वर्षांची असते. विभाग आधी आपला स्वमूल्यमापन अहवाल लिहितो. मग सहसा तिघांचे पथक भेट देते, त्यात प्रशासनात प्रत्यक्ष काम करणारी एक व्यक्ती असते. पथक प्राध्यापक, विद्यार्थी आणि माजी विद्यार्थ्यांशी बोलते. निर्णय मात्र संघटनेचा स्वतंत्र आयोग घेतो. अध्ययन निष्पत्तींबाबत कोणत्या क्षमतेचे काम कोणत्या टप्प्यावर आहे आणि पुराव्यावरून काय बदलले, हे दाखवावे लागते.

अडचणीही बऱ्याच आहेत. लहान विभागात तुकडी वीस-पंचवीस जणांची असते. एका वर्षाच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते आणि दोन-तीन तुकड्या एकत्र पाहाव्या लागतात. बरेच विद्यार्थी नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांना येतात. त्यांना जमते ते वर्गामुळे की कार्यालयातील अनुभवामुळे, हे वेगळे करणे अवघड. सर्वांत कठीण क्षमता लोकसेवेच्या दृष्टीची. मूल्यांवर निबंध मागितला, तर कोणते उत्तर अपेक्षित आहे हे विद्यार्थ्याला ठाऊक असते. म्हणून पेचाचे प्रसंग अधिक उपयोगी पडतात: वरिष्ठ दबाव आणतो आहे, नियम संदिग्ध आहे आणि उशिराने गरिबांचे नुकसान होणार आहे, अशा वेळी काय करशील आणि का?

महाराष्ट्रातील प्राध्यापकांना ही परिभाषा अनोळखी नाही. 1994 मध्ये स्थापन झालेल्या, उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ने आपल्या निकषांत अभ्यासक्रमाच्या आणि विषयांच्या निष्पत्तींना जागा दिल्यापासून पीओ, सीओ (म्हणजे याच दोन निष्पत्ती) आणि अटेनमेंट (त्या किती साधल्या याचे माप) हे शब्द स्टाफरूममध्ये रुळले आहेत. मात्र अटेनमेंट जेव्हा परीक्षेच्या गुणांवरून एक्सेलमध्ये काढली जाते, तेव्हा गाडी पुन्हा निकालपत्रकावरच येते.

अशा मूल्यमापनाची किंमत अहवालाच्या जाडीवरून ठरत नाही. मूल्यमापनामुळे कोणता विषय बदलला, कोणता स्वाध्याय नव्याने आला आणि पुढच्या तुकडीचे काम सुधारले का, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या विभागाकडे आहेत, त्याचेच मूल्यमापन खरे.