परसातल्या खुराड्यात कोंबड्या किती ठेवाव्यात?

परसातील कुक्कुटपालन सुरू करताना बहुतेक जण आधी पिल्ले आणतात आणि मग जागेचा विचार करतात. एक दिवसाचे पिल्लू ओंजळीत मावते, त्यामुळे खुराडा मोठा वाटतो. चार महिन्यांनी तेच पक्षी दीड-दोन किलोचे होतात. त्यातच पावसाची झड लागते, कोंबड्या दिवसभर आत राहतात आणि मग अंडी घटणे, पिसे उपटणे, मरतूक असे प्रकार सुरू होतात. म्हणून पिल्ले आणण्यापूर्वी टेप घेऊन खुराडा मोजावा. संख्या ठरवताना पूर्ण वाढलेली कोंबडी आणि वर्षातील सर्वांत अडचणीचे दिवस गृहीत धरावेत.

चार बाजूंनी हिशेब करा

१) खुराड्यातील जमीन : कोंबड्या दिवसभर मोकळ्या फिरत असतील आणि खुराडा फक्त रात्रीच्या मुक्कामासाठी असेल, तर प्रत्येक मोठ्या पक्ष्याला दीड चौरस फूट जागा चालते. पावसाळ्यात किंवा कुत्रे, मुंगूस यांच्या भीतीने पक्षी दिवसभर आत ठेवावे लागत असतील, तर प्रति पक्षी अडीच चौरस फूट जागा धरावी. वनराज, गिरिराज यांसारखे अंगाने मोठे पक्षी असतील तर जागेत काटकसर करू नये.

२) बसण्याची दांडी : कोंबडी रात्री उंचावर बसते. प्रत्येकीला दांडीवर किमान ८ इंच लांबी लागते. दोन दांड्यांमध्ये, तसेच दांडी व भिंत यांमध्ये एक फूट अंतर ठेवावे. दांड्या एकाच उंचीवर बांधाव्यात. वर-खाली बांधल्यास खालच्या पक्ष्यांवर विष्ठा पडते.

३) अंडी घालण्याची खोकी : पाच कोंबड्यांमागे एक खोके पुरते. गावठी कोंबडी खुडूक झाली की २१ दिवस खोके अडवून बसते, हे लक्षात घेऊन एक खोके जादा ठेवणे सोयीचे ठरते.

४) फिरण्याची जागा : कुंपण घातलेले अंगण असेल तर प्रति पक्षी किमान १० चौरस फूट जागा ठेवावी. जागा कमी पडली की हिरवळ संपते, माती उघडी पडते आणि पावसात तिथे विष्ठेचा चिखल होतो. अशा ओल्या जागेत रक्ती हगवण व जंतांचा त्रास वाढतो.

या चार हिशेबांतून जो सर्वांत लहान आकडा येईल, तीच तुमच्या खुराड्याची खरी क्षमता.

उदाहरणाने पाहू

खुराडा ६ फूट लांब व ४ फूट रुंद आहे, म्हणजे २४ चौरस फूट. आत ६ फुटी दोन दांड्या व दोन खोकी आहेत. अंगण १२ बाय १० फूट आहे.

- फक्त रात्रीचा मुक्काम : २४ ÷ १.५ = १६ पक्षी
- पावसाळ्यात दिवसभर आत : २४ ÷ २.५ = ९ पक्षी
- दांड्या : १४४ इंच ÷ ८ = १८ पक्षी
- खोकी : १० कोंबड्या
- अंगण : १२० ÷ १० = १२ पक्षी

दांडीकडे पाहिले तर १८ पक्षी मावतील असे वाटते. पण पावसाळ्याचा आकडा ९ आहे, म्हणून ८ कोंबड्या व १ कोंबडा एवढीच संख्या कायम ठेवावी. एक कोंबडा ८ ते १० कोंबड्यांना पुरतो. जास्त कोंबडे ठेवल्यास मारामाऱ्या होतात आणि खाद्यही वाया जाते.

मग पिल्ले किती आणावीत?

नर-मादी वेगळे न केलेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर निघतात. वरच्या खुराड्यासाठी १६ पिल्ले पुरेत. फेब्रुवारीअखेर पिल्ले आणली तर आषाढापर्यंत नर विक्रीला येतात. आखाडात कोंबड्यांना चांगली मागणी असते, श्रावण लागला की ती घटते. आखाडातच जादा नर विकले, तर हातात पैसे येतात आणि ऐन पावसात खुराडाही मोकळा होतो. भाव वाढेल या आशेने नर मागे ठेवले, तर गर्दीचा फटका कोंबड्यांना बसतो.

खाद्याचाही विचार करा

मोठ्या पक्ष्याला दिवसाला सुमारे १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते, म्हणजे ९ पक्ष्यांना साधारण एक किलो. यातील काही भाग परसातले किडे, गवत, सांडलेले धान्य यांतून मिळतो. संध्याकाळी कोंबडी आत येताना तिच्या मानेखालची अन्नाची पिशवी चाचपून पाहावी. ती रिकामी लागली तर परस अपुरा पडत आहे. अशा वेळी खाद्य वाढवावे किंवा पक्षी कमी करावेत.

गर्दी झाल्याची लक्षणे

- सकाळी दार उघडताच नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास येणे
- भाताच्या तुसाची किंवा भुशाची गादी ओली, ढेकळासारखी होणे
- पाठीवरची व शेपटीजवळची पिसे उपटलेली दिसणे
- अंडी फुटलेली किंवा विष्ठेने माखलेली मिळणे
- अशक्त कोंबडी खाद्याच्या भांड्यापासून दूर, कोपऱ्यात उभी राहणे

वास येतो म्हणून थंडी-पावसात खुराडा चहूबाजूंनी पोत्यांनी बंद करू नये. त्याने वास व दमटपणा वाढतो. झड येणाऱ्या बाजूला पडदा लावावा, वरची जाळी उघडी ठेवावी. ओली गादी काढून कोरडी पसरावी. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यातही गर्दी घातक ठरते. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकते. दाटीत हवा खेळत नसेल तर उष्माघाताने पक्षी दगावतात.

पिल्लांचे वाटप करणाऱ्या कार्यकर्त्यांनीही आधी लाभार्थ्याचा खुराडा मोजावा आणि मगच संख्या सुचवावी. नव्याने आणलेले पक्षी किमान दोन आठवडे वेगळे ठेवावेत, त्यासाठी एक लहान डालगे किंवा पिंजरा रिकामा असू द्यावा. सुरुवात हिशेबापेक्षा दोन पक्षी कमी ठेवून करावी. एक पावसाळा नीट पार पडला की मग संख्या वाढवायची की खुराडा, हे ठरवता येते.