बचत गट : दहा-वीस जणींच्या बैठकीची घडण

सरकारी कागदपत्रांत ज्याला ‘स्वयंसहाय्यता समूह’ म्हणतात आणि महाराष्ट्रातील गावोगावी ज्याला केवळ ‘गट’ या एका शब्दाने ओळखले जाते, तो महिला बचत गट बहुधा अल्पबचतीचे साधन म्हणून वर्णिला जातो. हे वर्णन चुकीचे नसले तरी अपुरे आहे. कारण गटाचे नियम, त्याचे दप्तर आणि त्याची सभासदसंख्या या सर्वांची बांधणी ठरावीक दिवशी ठरावीक स्त्रियांनी एकत्र बसण्याभोवती झालेली आहे.

गटाचे वेगळेपण भिशीशी तुलना केल्यास चटकन ध्यानात येते. भिशीत ठरलेल्या मंडळींनी दरमहा सारखी रक्कम जमवायची, चिठ्ठी टाकायची आणि जिचे नाव निघेल तिला सगळी रक्कम द्यायची, असा व्यवहार असतो. प्रत्येकीची पाळी झाली की भिशी संपते. बचत गटात मात्र जमलेली रक्कम सामाईक गंगाजळीत राहते, तिच्यातून सभासदांना गरजेनुसार कर्ज दिले जाते, यालाच ‘अंतर्गत कर्ज’ म्हणतात, आणि व्याजही त्याच गंगाजळीत परत येते. या एका फरकाचा परिणाम मोठा आहे. भिशीतला निर्णय चिठ्ठी करते, गटातला निर्णय बायका बोलून करतात. आणि बियाण्यासाठी पैसे मागणारी व मुलीच्या दवाखान्यासाठी मागणारी यांच्यापैकी आधी कोणाला, हे ठरवायचे तर दोघींनाही आपली अडचण इतरांसमोर उघड मांडावी लागते. घरातले बाहेर सांगू नये या शिकवणीत वाढलेल्या स्त्रीला हे सोपे नसते, आणि एकमेकींना आधार देण्याची सुरुवात बहुतेक गटांत इथेच होते.

सभासदसंख्या साधारणपणे दहा ते वीस ठेवली जाते. वीसची मर्यादा केवळ सोयीची नव्हती. 1956च्या कंपनी कायद्यानुसार नफ्यासाठी व्यवहार करणाऱ्या वीसहून अधिक व्यक्तींच्या मंडळाला नोंदणी आवश्यक होती, आणि गटाला नोंदणीच्या कटकटीतून दूर ठेवायचे होते. 1992मध्ये नाबार्डने 500 गटांपासून बँकजोडणीचा प्रायोगिक उपक्रम सुरू केला, आणि नोंदणी नसलेल्या गटाच्या नावाने बचत खाते उघडण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना मुभा दिली. तारण नसलेल्या स्त्रीला बँकेच्या दारात उभे करण्याचे श्रेय या तांत्रिक वाटणाऱ्या सवलतीला द्यावे लागते.

नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, कर्जाची नियमित परतफेड आणि हिशेबाच्या अद्ययावत नोंदी या पाच नियमांना ‘पंचसूत्री’ म्हणतात. बैठकीत हजेरी घेतली जाते, पैसे सर्वांसमोर मोजले जातात, मागील ठराव वाचले जातात आणि उशिरा येणारीला दंडही होतो. कर्जावर दरमहा शेकडा दोन रुपये व्याज घेण्याची रीत पुष्कळ गटांत रूढ झाली. वर्षाला चोवीस टक्के हा दर ऐकायला चढा वाटतो, परंतु ते व्याज सावकाराच्या घरी न जाता गटातच राहते. हजेरीच्या वेळी स्त्रीला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारली जाते, हेही नोंदवण्यासारखे आहे, कारण एरवी ती अमक्याची सून किंवा तमक्याची आई म्हणूनच ओळखली जाते.

एकमेकींना ओळखणाऱ्या, जवळपास राहणाऱ्या स्त्रियांचा गट बांधावा असा संकेत असल्यामुळे गट बहुधा एकाच वस्तीचा होतो, आणि आपल्या गावांतील वस्त्या जातवार असल्याने तो पुष्कळदा एकाच जातीचाही होतो. म्हणजे ज्या परस्परविश्वासावर गट टिकतो, त्याच विश्वासाची कड वस्तीच्या कडेला येऊन थांबते. गावातील अनेक गटांच्या प्रतिनिधींचा मिळून बनलेला ‘ग्रामसंघ’ या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण तिथे निरनिराळ्या वस्त्यांतील स्त्रियांना एका सतरंजीवर बसून ठराव करावे लागतात. दारूचे दुकान बंद करण्यासाठी होणाऱ्या मतदानात, ज्याला लोक ‘आडवी बाटली’ म्हणतात, या सवयीचा उपयोग होतो. तिथे झालेल्या मतदानापैकी नव्हे, तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात, आणि एवढ्या बायकांना घराबाहेर काढणे विस्कळीत गावाला जमणारे नाही.

राज्यात या कामाला संस्थात्मक आधार दिला तो 1975मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे ‘माविम’ने, आणि 2011पासून ‘उमेद’ अभियानाने. मधल्या काळात, 1999मध्ये सुरू झालेल्या स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेने गटांना अनुदान जोडले आणि केवळ अनुदानासाठी बांधलेले गटही पुष्कळ निघाले. अनुदान मिळाले की बैठका थांबत. ही चूक पुढील धोरणाने बऱ्याच अंशी ओळखली, तरी उद्दिष्टाचे आकडे गाठण्याची प्रशासकीय घाई अजून गेलेली नाही, आणि दप्तर पूर्ण पण बैठक नाही असे गट तिच्यातूनच जन्मतात.

याहून अवघड प्रश्न स्थलांतराचा आहे. ठरलेली बचत नियमित भरणे ही अट सर्वांत गरीब स्त्रीला पहिल्यांदा जड जाते, आणि बैठकीला हजर राहण्याची अट तर गाव सोडावे लागणारीला पाळताच येत नाही. बीडसारख्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार स्त्रिया दिवाळीच्या सुमारास नवऱ्याबरोबर कोयता घेऊन कारखान्याच्या पट्ट्यात जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. तेवढे महिने गावातील हजेरीपटात त्यांच्या नावांपुढचे रकाने रिकामे असतात.