पात्र-अपात्रतेचे दशक

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२च्या नियमावलीत एम.फिल. बंद केली. मनोविकार सामाजिक कार्यकर्ता, म्हणजे रुग्णाचा आजार, घर, कर्ज आणि नातीगोती यांचा एकत्र विचार करणारा व्यावसायिक, याची पात्रता २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने याच पदवीशी जोडली होती. पुढे या शाखेला मुदतवाढीची ठिगळे लागली, परंतु नियमावली करताना या व्यवसायाचा विसर पडावा यात नवल नाही.

या व्यवसायाच्या पूर्वेतिहासात १९३६मध्ये मुंबईत टाटांच्या देणगीतून सुरू झालेली समाजकार्याची शिक्षणसंस्था, १९८२चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६मधील त्याचा जिल्हा पातळीवरील विस्तार यांची नोंद पुरेशी आहे. त्याची खरी कसोटी २००५नंतरच्या दशकात पश्चिम विदर्भात आणि वर्ध्यात लागली. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देताना शासनाने मृत्यूचीच ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ अशी वर्गवारी केली. सातबारा कोणाच्या नावे, कर्ज कोणाचे, याची छाननी झाली आणि स्वतःच्या नावे जमीन नसलेली, शेतात राबणारी स्त्री हिशेबातून निसटली. सामाजिक कार्यकर्ता दारी पोहोचला तो बहुधा मरणानंतर, विधवेचे कागद जुळवण्यासाठी. नैराश्याचा उल्लेख करताच चळवळीतील मंडळींना त्यात सरकारचा बचाव दिसे, तर काही डॉक्टरांना कर्जाचा विषय आपल्या कक्षेबाहेरचा वाटे; या निष्फळ वादात दोन्ही बाजू एकाच घरात पाहणाऱ्याला कोणी विचारले नाही.

असे काम करणाऱ्याला आधी पाठवले असते तर काय घडले असते, याची चुणूक त्याच दशकाच्या अखेरीस मिळाली. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेने अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावपातळीवरील कार्यकर्ते आणि समुपदेशक यांच्यामार्फत ‘विश्राम’ हा प्रकल्प राबवला. दीड वर्षात नैराश्यग्रस्तांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले.

यानंतर आलेल्या शासनाच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाने घरोघरच्या प्रश्नावलीचे ओझे मोबदल्यावर राबणाऱ्या गावातील आरोग्यसेविकांवर, म्हणजे आशाताईंवर, टाकले. २०२२पासून ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक उपलब्ध आहे आणि तो उपयुक्तही आहे, मात्र सावकाराशी बोलणे, रेशनकार्ड मिळवून देणे किंवा सासरच्यांना समोर बसवणे ही कामे दूरध्वनीवरून होत नाहीत. आत्महत्येचा प्रयत्न सरसकट गुन्हा ठरवणारे कलम १ जुलै २०२४पासून नव्या दंडसंहितेत उरले नाही, आणि अशा व्यक्तीचे उपचार व पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य असल्याचे २०१७च्या कायद्यात आधीच लिहिलेले आहे; ते कर्तव्य गावात जाऊन बजावण्यासाठी लागणारी माणसे घडवण्याची व्यवस्था मात्र मुदतवाढीवर जगत आली आहे.