काम वाटलं, शिकणं राहिलं

ताईंनो, मावश्यांनो आणि माझ्या बरोबरीच्या मैत्रिणींनो, आज मी माझ्या कॉलेजातल्या एका फसलेल्या प्रकल्पाबद्दल बोलणार आहे. म्हणाल, तुझ्या कॉलेजचं आम्हाला काय? पण शेवटी गोष्ट बचत गटाशीच येऊन पोहोचते. म्हणून थोडा वेळ ऐका.

मी शहापूर तालुक्यातली, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला गटाने एक प्रकल्प करायचा असतो. पाच जणींचा गट, एक विषय, एक अहवाल आणि गुण सगळ्यांना सारखे. आमच्या गटात तिघी शहापूरच्या आणि दोघी मुरबाडकडून एसटीने येणाऱ्या. विषय घेतला ‘उन्हाळ्यातलं पाणी आणि बाईचा वेळ’. तो शोधायला लांब जावं लागलं नाही. तानसा धरण १८९२ साली बांधून झालं. भातसा धरणही आपल्याच तालुक्यात. दोन्हीकडचं पाणी मुंबईला जातं आणि चैत्र-वैशाखात आपले कितीतरी पाडे टँकरची वाट बघतात.

आम्ही पहिल्याच दिवशी काम वाटून घेतलं. एकीने प्रश्न काढायचे, दुसरीने घरोघरी जाऊन विचारायचं, तिसरीने तक्ते करायचे. माझं अक्षर बरं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. पाचवी मैत्रीण एका ठाकूर पाड्यावरची, फार कमी बोलणारी. तिला सांगितलं, ‘तू कव्हर सजव.’ ज्याने त्याने आपापला तुकडा केला, आणि आदल्या रात्री सगळे तुकडे जोडून अहवाल तयार. आम्ही खूश.

मॅडमनी अहवाल चाळला आणि तक्ते करणारीला विचारलं, “पाणी आणायला अर्धा तास लागतो असं लिहिलंय. हा अर्धा तास एका खेपेचा की दिवसभराचा?” ती माझ्याकडे बघायला लागली. मी विचारायला गेलेल्या मुलीकडे. ती म्हणाली, “कागदावर प्रश्न होता तोच मी विचारला.” तेव्हा मागून पाचवी हळूच म्हणाली, “मॅडम, एका खेपेचा. आमच्या घरी पाच खेपा होतात. झऱ्यावर पाणी साठेपर्यंत बसायचं ते वेगळं.”

“मग आधी का नाही बोललीस?”

“मला कव्हर सजवायला सांगितलं होतं.”

वर्गात कुणी हसलं नाही. आम्ही तो अहवाल ग्रामपंचायतीत देणार होतो. दिवसाला अर्धा तास असं वाचून कुणीही म्हटलं असतं की या पाड्यावर पाण्याचा काही त्रास नाही. प्रत्यक्षात पाच खेपांचे अडीच तास होत होते. आमच्या चुकीने त्या बायकांचे दोन तास कागदावरून पुसले गेले असते. आणि ज्या पोरीच्या डोक्यावर रोज चुंबळ आणि हंडा असतो, तिला आम्ही कागदी फुलं कापायला बसवलं होतं.

असं का होतं? फ्रान्समध्ये रिंगलमन नावाचे एक शेती अभियंता होऊन गेले. त्यांनी माणसांना दोरी ओढायला लावून जोर मोजला. हे काम १९१३ साली छापून आलं. त्यांच्या आकड्यांत आठ जणांनी मिळून ओढल्यावर जोर भरला साधारण चार माणसांइतकाच. एक तर सगळ्यांचा झटका एकाच वेळी बसत नाही. दुसरं म्हणजे दोरी धरणारे वाढले की ‘बाकीचे ओढतायत ना’ असं वाटून आपला हात जरा सैल पडतो. आमचंही तेच झालं होतं. प्रत्येकीला वाटलं, चूक असेल तर दुसरी बघेल.

मॅडमनी आम्हाला नापास केलं नाही. पंधरा दिवस दिले आणि एक पद्धत सांगितली. १९७१ साली अमेरिकेत ऑस्टिन शहरात एलियट अॅरन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी ती शाळांत सुरू केली. तिथे तेव्हा गोरी आणि काळी मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि त्यांचं आपसात पटत नव्हतं. अॅरन्सन यांनी मुलांचे छोटे गट केले. धड्याचा एकेक तुकडा एकेकाला दिला. पण नियम असा, की प्रत्येकाने आपला तुकडा बाकीच्यांना शिकवायचा आणि परीक्षा सगळ्यांची पूर्ण धड्यावर. मग गप्प बसणाऱ्या मुलाचंही ऐकावंच लागतं, कारण त्याच्या तुकड्याशिवाय धडा पुरा होत नाही.

आम्ही तसंच केलं. या वेळी पाचवी पुढे आणि आम्ही मागे. तिने आम्हाला पहाटे झऱ्यावर नेलं. वाटीवाटीने हंडा कसा भरतो ते दाखवलं. प्रश्नही तिनेच बदलून दिले: एका खेपेला किती वेळ, दिवसाला खेपा किती, पाण्यापाशी बसणं किती? रोज संध्याकाळी प्रत्येकीने आपलं काम इतरांना समजावून सांगायचं, असं ठरलं. लिहायचं काम माझ्याकडेच राहिलं, पण तक्ता कसा झाला ते आता मलाही सांगता येत होतं. काम वाटायला हरकत नाही, समज मात्र सगळ्यांकडे पुरी हवी, हे मी त्यातून शिकले.

आता बचत गटाकडे येते. माझी आई गटात आहे. त्यांच्या सचिव ताई बाळंतपणाला माहेरी गेल्या, तेव्हा कर्जाचं रजिस्टर कुणालाच उलगडेना. कुणाचे किती हप्ते फिटले यावरून बैठकीत भांडण झालं. पंचसूत्रीत बैठक, बचत, कर्ज आणि परतफेड यांच्याबरोबर हिशेब लिहिणंही आहे. पण लिहिलेला हिशेब एकीलाच कळत असेल, तर तो गटाचा म्हणायचा कसा? मी आईला आमच्या प्रकल्पाची गोष्ट सांगितली, तिने ती बैठकीत सांगितली. आता त्यांच्या गटात दर बैठकीला वेगळी बाई उभी राहून शिल्लक सांगते. जिला वाचता येत नाही तिला शेजारची वाचून दाखवते आणि ती आपल्या शब्दांत सांगते. पहिल्यांदा आईची पाळी आली, तेव्हा आदल्या रात्री तिने माझ्यासमोर तीनदा म्हणून बघितलं.

तुम्हीही करून बघा. पुढच्या बैठकीत सचिव आणि अध्यक्ष सोडून तिसऱ्याच बाईला विचारा, ‘आपल्या गटाची शिल्लक किती आणि कर्ज कुणाकडे?’ तिला सांगता आलं नाही तर तिला हसू नका. तिच्यापर्यंत आपण ते पोहोचवलंच नाही, असं समजा. आणि कोपऱ्यात बसून चहाचे कप गोळा करणारी कुणी असेल, तर तिला आधी विचारा. आमचे हरवलेले दोन तास तशाच एकीला ठाऊक होते.