नाशिकचा वाडा आणि आजची सदनिका : गृहांतर्गत जागेच्या वापराचा एक विचार

प्रस्तावना :
अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा होत. पैकी निवारा मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. मिळालेली जागा कुटुंबाला पुरवायची कशी, हा गृहव्यवस्थापनातील खरा प्रश्न आहे. नाशिक शहरात या प्रश्नाची दोन उत्तरे पाहावयास मिळतात. एक जुन्या नाशकातील वाड्यांत, तर दुसरे इंदिरानगर, पाथर्डी फाटा अशा भागांतील सदनिकांत. या दोहोंची तुलना करण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वाड्यातील जागा :
वाडा म्हणजे ऐसपैस जागा, असा सर्वसाधारण समज आढळतो. तो अर्धाच खरा. सरकारवाड्यासारखी पेशवेकालीन वास्तू हा अपवाद. एरवी एकेका वाड्यात पुढे अनेक भाडेकरू बिऱ्हाडे एक-दोन खोल्यांत नांदली. तरीही संसार मावत असे, कारण माती-विटांच्या भिंती दोन-दोन फूट जाड असत. कोनाडा, दिवळी, फडताळ, धान्याचे बळद हे सारे त्या जाडीतच सामावलेले असे. साठवणीसाठी जमिनीचा एक इंचही खर्ची पडत नसे. शिवाय सकाळी वळकटी उचलली की निजण्याच्याच जागी पंगत बसे. अर्थात ओटी पुरुषांची व काळोखे माजघर बायकांचे, ही वाटणीही त्याच नियोजनाचा भाग होती, हे वाड्याचा गौरव करताना विसरता येत नाही.

सदनिकेतील अडचण :
सिमेंट काँक्रीटच्या बांधकामात इमारतीचा भार खांब व तुळया पेलतात. त्यामुळे आतील भिंती चार ते सहा इंचांच्या पुरतात व कोनाड्याला वाव राहत नाही. भिंतीतील कपाट खोलीत येते. दहा फूट बाय दहा फूट शयनगृहाचे उदाहरण घेऊ. एका भिंतीभर दोन फूट खोलीचे कपाट केल्यास १०० पैकी २० चौरस फूट जागा जाते. सहा बाय साडेसहा फुटी पलंगाने आणखी ३९ जाते. उरलेल्या ४१ पैकी सुमारे ७ चौरस फूट जागा तीन फुटी दार उघडण्यासाठी मोकळी ठेवावी लागते. कपाट व पलंग यांत दोन फुटांचीच वाट राहिली, तर कपाटाचे बिजागरीचे दार उघडल्यावर उभे राहायला जागा नसते. तेथे सरकते दार सोयीचे, जरी त्याने एका वेळी निम्मेच कपाट उघडते.

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार चटई क्षेत्रात आतील भिंतींची जाडीही धरली जाते. म्हणजे दर चौरस फुटाचे पैसे मोजून घेतलेल्या जागेतील काही भाग भिंतीच व्यापतात. हे घर घेतानाच लक्षात घ्यावे.

साठवणीचा विचार :
जी वस्तू रोज लागते ती कंबर ते डोळे या उंचीत, वर्षातून एकदा लागते ती माळ्यावर, असा ढोबळ नियम पाळता येतो. गणपतीचे मखर, आकाशकंदील, पाहुण्यांची अंथरुणे माळ्यावर जावीत. वर्षाच्या गव्हाचे मात्र तसे नाही. उन्हाळ्यात गहू भरून ठेवण्याची रीत नाशिकच्या घरांत अजून टिकून आहे, पण नकाशात त्याला जागा दिलेली नसते. मग कोठी गॅलरीत जाते, गॅलरी बंदिस्त होते आणि दिवाणखान्यात दिवसाही दिवा लावावा लागतो. प्रस्तुत लेखिकेच्या घरीही हेच घडले होते. स्वयंपाकाच्या ओट्याखालचा एक कप्पा फळ्या न टाकता सोडला, तेव्हा कोठी तेथे बसली व गॅलरी मोकळी झाली.

सिडकोच्या एक-दोन खोल्यांच्या घरांतून येणाऱ्या विद्यार्थिनींचा प्रश्न याहून बिकट आहे. सर्वांची जेवणे झाल्यावर ओटा पुसून त्यावरच वही उघडणाऱ्या मुली आमच्या वर्गात आहेत. पलंग किंवा कपाट घेण्याआधी अशा घरात खिडकीजवळच्या भिंतीला जमिनीपासून अडीच फुटांवर, दीड फूट रुंदीची, बिजागरीने खाली पडणारी फळी बसवावी. मिटली की ती भिंतीपासून दोन-तीन इंचच पुढे राहते, आणि उघडली की मुलीला बसायला स्वतःची जागा होते.